आमची वाटचाल : वापरलेल्या स्पोर्ट्स कारची देखभाल, भोसरीतून

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, लेथ आणि प्रेसच्या शेडच्या रांगेत आमची कार्यशाळा आहे. येथे फक्त वापरलेल्या स्पोर्ट्स कारची देखभाल होते. त्यांत पोर्शेच्या बॉक्स्टर आणि केमन सर्वाधिक, त्यांच्या खालोखाल बीएमडब्ल्यू झेड४ आणि ऑडी टीटी, आणि क्वचित एखादी गोव्यात तयार झालेली, फायबरग्लासच्या बॉडीची आणि रेनोच्या ११४९ सीसी इंजिनाची सॅन स्टॉर्म. एवढ्या मर्यादित कामावर कार्यशाळा कशी चालते, असे आम्हाला अनेकदा विचारले जाते. त्याचे उत्तर या गाड्यांच्या स्वभावातच आहे. या गाड्या चालवल्याने जितक्या बिघडतात त्याहून अधिक उभ्या राहिल्याने बिघडतात, आणि आपल्याकडे त्या बहुतेक वेळ उभ्याच असतात.

आम्ही दोघे भागीदार यापूर्वी महागड्या आयात मोटारींच्या सर्व्हिस विभागात नोकरीला होतो. तेथे एक गोष्ट सतत दिसत असे. नवी असताना कोटीच्या आसपास गेलेली गाडी दहा-बारा वर्षांनी तिच्या अल्पशा भागात विकली जाते आणि तिचा तिसरा किंवा चौथा मालक हौसेने ती घरी आणतो. गाडीची किंमत घसरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत घसरत नाही, आणि क्लच, ब्रेक डिस्क किंवा वॉटर पंपाचे बिल नव्या गाडीच्याच हिशेबाने येते. या मालकाला स्वस्त दुरुस्ती करणारा नको होता. कोणता खर्च आत्ता करावा, कोणता पुढच्या वर्षी केला तरी चालेल आणि कोणता करूच नये, हे प्रामाणिकपणे सांगणारा कोणीतरी त्याला हवा होता. त्या गरजेतून आमचा व्यवसाय उभा राहिला.

सुरुवातीला आमच्याकडे एक लिफ्ट, एक डायग्नोस्टिक संगणक आणि टॉर्क पान्यांचा, म्हणजे बोल्ट ठरावीक पिळाच्या जोरानेच आवळणाऱ्या पान्यांचा, एक चांगला संच होता. टॉर्क पान्याचा उल्लेख मुद्दाम करतो. बॉक्स्टरच्या चाकाचे बोल्ट १३० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळायचे असतात. रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात ते हवेच्या गनने आवळले जातात आणि मग अ‍ॅल्युमिनियमचे हब आणि बोल्टचे आटे दोन्ही खराब होतात. आमच्याकडील प्रत्येक मालकाच्या गाडीत हा आकडा लिहिलेले कार्ड आम्ही ठेवतो आणि टायरवाल्यापुढे ते धरण्याची सवय त्याला लावतो.

आमची खरी ओळख मात्र खरेदीपूर्व तपासणीमुळे झाली, आणि तिचे मूळ कारण एका बेअरिंगमध्ये आहे. १९९६ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरपासून २००८ पर्यंतच्या पोर्शेच्या या सपाट, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन आडवे सिलिंडर असलेल्या, इंजिनांत क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे नेणारा एक मधला दांडा असतो. त्याच्या गिअरबॉक्सच्या बाजूच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलेले असते. वर्षे गेली की सील सैल होते, इंजिन ऑइल आत शिरते, मूळचे ग्रीस धुऊन जाते आणि आत अडकून राहिलेले जुने ऑइल हळूहळू बेअरिंगच खाऊ लागते. ते तुटले तर कॅमचा ताळमेळ जातो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि गाडीच्या खरेदी किमतीएवढा खर्च इंजिनावर येऊन पडतो. सर्वांत सुरुवातीच्या इंजिनांत दुहेरी ओळीचे बेअरिंग होते. २०००च्या सुमारास एकेरी ओळीचे आले आणि सर्वाधिक त्रास त्याचाच झाला. २००५ नंतर आलेले मोठे बेअरिंग बरेच भक्कम आहे, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते बाहेर काढता येत नाही. २००९च्या मॉडेलपासून नव्या रचनेचे इंजिन आले आणि त्यात हा दांडाच उरला नाही.

‘जुनी बॉक्स्टर घ्यावी का’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. गाडी कोणत्या वर्षाची, तिच्यात कोणते इंजिन, आणि ऑइल किलोमीटरवर बदलले गेले की काळावर, यावर ते ठरते. तपासणीत आम्ही ऑइल फिल्टर कापून उघडतो, त्याच्या कागदी घड्या पसरतो आणि त्यांत धातूचा चुरा आहे का, हे भिंगाखाली पाहतो. ३.४ लिटरच्या केमन एसमध्ये त्याखेरीज स्पार्क प्लगच्या छिद्रातून बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून सिलिंडरच्या भिंतींवर उभे चरे पडले आहेत का, तेही पाहावे लागते. गाडी सुरू करताच पांढऱ्या धुराचा मोठा लोट निघून थांबत नसेल, तर हवा आणि ऑइल वेगळे करणाऱ्या सेपरेटरचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी असते. सेपरेटर बदलून हे दुखणे जाते, पण गाडी विकणाऱ्याने ‘थंडीमुळे धूर येतो’ असे सांगितले की नवखा ग्राहक त्यावर विश्वास ठेवतो.

या तपासणीचे काम वाढले तेव्हा गाड्यांची खरेदी-विक्रीही सुरू करावी, असा आग्रह अनेकांनी केला. नफा त्यातच अधिक आहे, हे आम्हालाही कळत होते. आम्ही तो मार्ग घेतला नाही आणि पुढेही घेणार नाही. जी गाडी आपण विकणार तिच्या फिल्टरमधला चुरा मोजण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, असे आमचे ठाम मत आहे. तपासणीचे शुल्क आम्ही खरेदीदाराकडून घेतो, अहवाल त्याच्याच हाती देतो, आणि दलालाकडून कमिशन घेत नाही. यामुळे काही दलालांनी आमच्याकडे गाड्या पाठवणे बंद केले, पण ज्यांच्या गाड्या चांगल्या असतात ते आमचा अहवाल आता स्वतःहून मागतात.

मुंबईच्या गाड्यांकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येणे आणि ती खूण ओळखणे हा या व्यवसायाचा भागच झाला आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का आणि गालिच्याखालचा फोम दाबल्यावर वास येतो का, या तीन गोष्टी आम्ही इंजिन सुरू करण्याआधी पाहतो. समुद्रकाठच्या इमारतींत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाड्यांच्या सायलेन्सरचे बोल्ट खाऱ्या हवेने इतके धरलेले असतात की ते कापूनच काढावे लागतात, आणि तो वेळ आम्ही अंदाजपत्रकात आधीच धरतो.

पावसाळ्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या वर्षाचा हिशेब मे महिन्यात सुरू होतो. बॉक्स्टरच्या कापडी छतावरचे पाणी कडेच्या बारीक नळ्यांतून खाली वाहून जाते. गुलमोहोर किंवा कडुनिंबाखाली गाडी उभी असेल तर त्या नळ्यांची तोंडे पाल्याने बुजतात, पाणी आत उलटते आणि सीटखाली बसवलेल्या इमोबिलायझरच्या, म्हणजे चोरी रोखण्यासाठी इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेच्या, नियंत्रकात शिरते. मग किल्ली बरोबर असूनही गाडी सुरू होत नाही. समोरच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमागे एसीचे कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर असतात. रस्त्यावरचा पाला, माती आणि प्लास्टिकचे कपटे तेथे साचून भिजत राहतात आणि अ‍ॅल्युमिनियम सडवतात. बंपर उतरवून ही जागा साफ करणे हे काही तासांचे काम आहे, परंतु ते दरवर्षी केले तर कंडेन्सर गळून एसी बंद पडण्याचा आणि इंजिन तापण्याचा मोठा धोका टळतो. आमच्या वार्षिक देखभाल योजनेचा जन्म या एका कामातून झाला, आणि आज आमच्या उत्पन्नाचा स्थिर भाग त्या योजनेतूनच येतो.

या योजनेत किलोमीटरपेक्षा काळाला महत्त्व आहे. ऑइल वर्षातून एकदा बदलायचे, गाडी दोन हजार किलोमीटरच चालली असली तरी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी. टायरवर नक्षी भरपूर शिल्लक असली तरी त्याच्या बाजूवरील चार अंकी आकडा वाचायचा. त्यातील पहिले दोन अंक आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांहून जुन्या टायरचा रबर कडक झालेला असतो, आणि ओल्या खंडाळा घाटात मागच्या चाकांवर ताकद देणाऱ्या गाडीसाठी तो टायर आम्ही मान्य करत नाही, मालक कितीही नाराज झाला तरी. बॅटरीचे तर वेगळेच प्रकरण आहे. बॉक्स्टर आणि केमनमध्ये ती समोरच्या डिकीत असते आणि डिकीचे कुलूप विजेवर चालते, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली की बॅटरीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच बंद होतो. अशा वेळी ड्रायव्हरच्या पायापाशी असलेल्या फ्यूज पेटीतून एक पिन बाहेर ओढून तिला बाहेरून वीज द्यावी लागते. प्रत्येक नव्या ग्राहकाला आम्ही हे समोर उभे करून करायला लावतो आणि घरी बॅटरी चार्ज राखणारे लहान उपकरण बसवून देतो. तरीही आमचा आग्रह एकच असतो, की आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढावी आणि इंजिनाचे ऑइल नीट तापेपर्यंत चालवावी. सोसायटीच्या आवारात पाच मिनिटे सुरू ठेवून बंद केलेल्या इंजिनात ओलावा साठतो. ते सुरू न केलेले परवडते.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडे आमच्या कामात मोठा झाला आहे. आता पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि २००५-०६ च्या गाड्यांचे रबरी पाइप, सील आणि पंप त्या प्रमाणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणजे येथेही उभ्या गाडीचे नुकसान चालत्या गाडीपेक्षा अधिक होते. आम्ही जुन्या गाड्यांचे इंधनाचे पाइप टप्प्याटप्प्याने बदलत आहोत, आणि टाकी महिनोन् महिने भरलेली ठेवू नये, असे सर्वांना सांगत आहोत.

कागदपत्रांचे काम आम्ही पूर्वी एजंटांवर सोडत असू, आता एक सहकारी पूर्ण वेळ तेच पाहतो. दिल्ली आणि परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील स्पोर्ट्स कार इकडे स्वस्तात दिसू लागल्या. किंमत पाहून भुलण्याआधी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असल्यास फॉर्म ३५, आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा रस्ता कर यांचा हिशेब मांडावा लागतो. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो. १ एप्रिल २०२२ पासून आयात मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क ४०,००० रुपये झाले, तेव्हा अनेकांचे अंदाज चुकले. विम्याबाबत आम्ही इतकेच सांगतो, की शून्य घसारा संरक्षण, म्हणजे भागांच्या वयाची वजावट न करता मिळणारी भरपाई, एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही, म्हणून बंपर आणि दिव्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून होणार, हे धरून चालावे.

सुट्या भागांबाबत भोसरीने आम्हाला मोठा आधार दिला. पोर्शेच्या डब्यातून येणारे अनेक भाग मुळात माहले, बॉश, सॅक्स यांसारख्या पुरवठादारांनी बनवलेले असतात. भाग क्रमांक जुळवून ते थेट मागवले की तोच भाग कमी किमतीत मिळतो. बॉक्स्टर आणि त्याच काळातील पोर्शेचीच ९११ यांचे पुढच्या भागातील अनेक घटक सारखे आहेत, हे माहीत असले की शोध सोपा होतो. जे मिळतच नाही, उदाहरणार्थ सस्पेन्शनचे बुश दाबून बसवण्याची साधने किंवा पुलर, ते आमच्या शेजारच्या टर्नरांनी नमुना पाहून बनवून दिले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत घडलेल्या या हातांची अचूकता आम्हाला कोणत्याही कॅटलॉगपेक्षा मोलाची वाटते. सुरक्षेशी संबंधित भाग मात्र, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि चाकांचे बोल्ट, आम्ही कधीही स्थानिक बनवून घेत नाही.

क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरला की क्रँकशाफ्टचे मागचे सील आणि ज्या इंजिनांत बाहेर काढता येते तेथे ते मधल्या दांड्याचे बेअरिंग त्याच वेळी बदलावे, ही आमची शिफारस असते, कारण मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्यातच जातो. मालकाला एकदम मोठे बिल दिसते, म्हणून आम्ही उतरवलेले जुने भाग त्याच्यासमोर टेबलावर मांडतो आणि प्रत्येकाची स्थिती छायाचित्रासह गाडीच्या फाइलमध्ये नोंदवतो. ही फाइल गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. आमच्याकडे दोन-तीन मालक पाहिलेल्या गाड्या आता आहेत, आणि त्यांच्या फाइलमुळे विक्रीच्या वेळी घासाघीस कमी होते, असा मालकांचा अनुभव आहे.

आता आमचे लक्ष माणसे तयार करण्यावर आहे. आयटीआयमधून येणारी मुले संगणक लावून त्रुटीचा कोड वाचायला लवकर शिकतात. सपाट इंजिनाचे प्लग गाडीखालून काढणे, ऑइलचा वास आणि रंग ओळखणे, थंड इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांचा आवाज ऐकणे, या गोष्टींना वर्षे लागतात. त्यासाठी बेअरिंग तुटून निकामी झालेले एक २.७ लिटरचे इंजिन आम्ही विकत घेतले आहे. दर शनिवारी दुपारी दोन शिकाऊ मुले आमच्या फोरमनच्या देखरेखीखाली ते उघडतात, मोजमाप घेतात आणि पुन्हा जोडतात. पुढच्या पावसाळ्याआधी याच इंजिनावर नवे मोठे बेअरिंग बसवून ते स्टँडवर चालवून पाहण्याचे आम्ही ठरवले आहे.