पाच अक्षरी, दुसऱ्या जागी एच: कुठवर आलंय

स्क्रॅबलवाल्या मंडळींनो, सध्या पाच अक्षरी इंग्रजी शब्दांतला एकच गट हातात घेतलाय, दुसऱ्या जागी एच असलेले. झिझिवा या शब्द शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न टाकला की आधी चेअर, शीप, थिंक, व्हाइट असले ढीगभर येतात, ते सगळ्यांनाच येतात म्हणून बाजूला काढले, आणि उरले ते बीएच, डीएच, जीएच, केएच, जेएच वाले. म्हणजे सरळसरळ आपले भ, ध, घ, ख, झ! बाहेरच्या खेळाडूंना हे शब्द नुसते घोकावे लागतात, आपल्याला अर्थ आधीच माहितीय, आणि माझं ठाम मत आहे की आपण भारतातले लोक कॉलिन्सच्या, स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या, यादीवर खेळतो तर हा गट आपल्या सगळ्यांचा तोंडपाठ असायलाच हवा.

पण अर्थ येतो म्हणजे स्पेलिंग येतं असं नाही. २००३ च्या आधी ही यादी चेंबर्स डिक्शनरीवरून बनायची आणि चेंबर्सनं जुन्या इंग्रज लोकांनी जसं ऐकलं तसं लिहिलेलं सगळं जपून ठेवलंय, त्यामुळे एकाच डाळीची डीएएल, डीएएचएल, डीएचएएल आणि डीएचओएलएल अशी चार रूपं चालतात. भूतही दोन, बीएचयूटी आणि बीएचओओटी. खेळताना हे फार कामाचं, कारण जागा चार घरांची असो की पाच, काहीतरी बसतंच.

पाठ करायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फ्रंट हुकचा, म्हणजे तयार शब्दाच्या पुढे एक अक्षर लावून नवा शब्द करायचा. बोर्डवर हँग दिसला की पुढे बी लावा, भांग झाली. होलच्या पुढे डी लावला की ढोल नाही बरं का, तो डीएचओएलई, म्हणजे रानकुत्रा, आपला कोळसून. हॅट्सच्या पुढे जी लावला की घाट्स, हूटच्या पुढे बी लावला की भूट, हाऊजच्या पुढे डी म्हणजे धाऊज, ती अरबी गलबतं. असं आधी छोटा शब्द आणि मग पुढचं अक्षर या क्रमानं शिकलं की गेममध्ये डोळ्याला आपोआप दिसायला लागतं, नुसती यादी वाचून ते होत नाही, यादी वाचलेली रॅकसमोर, म्हणजे हातातल्या टाइल बघताना, आठवतच नाही. म्हणून कार्डबॉक्समध्येही, म्हणजे शब्दांची उजळणी करायच्या कार्डांमध्येही, मी आता हे हुकवाले आधी टाकतोय, बाकीचे मागून.

पॉइंटचं बघायचं तर एचच्या टाइल फक्त दोन, प्रत्येकी ४ पॉइंट, म्हणून हा गट छोटा असला तरी हलका नाही. भाजीचे १७ होतात कारण जे एकटा ८ चा, गाझीचे १८ झेडमुळे, खादीचे १३, धाब्याचे ११, झाला हा सतारवादनातला प्रकार १५ चा. खाकीला मात्र सांभाळून, सेटमध्ये के एकच असतो, म्हणजे दुसरा के ब्लँकमधूनच, कुठलंही अक्षर म्हणून चालणाऱ्या कोऱ्या टाइलमधूनच, काढावा लागणार, आणि ब्लँक तिथे घालवणं मला तरी पटत नाही, त्याच्यावर बिंगो काढावा, म्हणजे सातही टाइल एकदम लावाव्यात.

टीएचमधले दोन परत आत घेतलेत. एक थाना, टीएचएएनए, पोलीस ठाणं. आणि दुसरी थाळी, टीएचएएलआय, कारण तीच पाच अक्षरं फिरवली की लाठी होते, आणि स्कॉटिश लेथ, एलएआयटीएच, पण तिथेच निघतो. एका रॅकमध्ये तीन शब्द, सुरुवात टी नं, एल नं, शेवट आय नं नाहीतर एच नं, तुम्हाला कुठे अडकवायचंय त्यावर ठरवा. असे अॅनाग्रॅम सापडले की मला अख्खा दिवस बरं वाटतं.

याच्या नादात एक सात अक्षरी सापडला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेशवा यादीत आहे, पीईएसएचडब्ल्यूए, सहा अक्षरी, आणि अनेकवचन पीईएसएचडब्ल्यूएएस घेतलं की सात. पण त्याशिवाय जुनं स्पेलिंग पीईआयएसएचडब्ल्यूए पण चालतं, तेही सातच! दोन्हीचे टाइलचे १५ आणि बिंगोचे ५०, म्हणजे पॉइंट वाढवणारं प्रीमियम घर न धरता ६५. एच आणि डब्ल्यू एकत्र आले की आपण वैतागून टाइल बदलायला बघतो, तेव्हा आधी पी, एस, ई, ए आहेत का ते बघा. मराठी माणसानं हा सोडू नये, मी तरी आता तो आला की लावणारच.

पुढचा गट क्यूच्या लगेच पुढे यू नसलेल्यांचा, पाच अक्षरीच: फकीर, तलाक, निकाब, बुरखा, कोरमा, किब्ला. त्यातले अर्धे तुम्हाला येत असतील. जेएचवाले आणि केएचवाले कुणी लावून बघितले असतील तर कुठल्या हुकवर बसले ते सांगा, माझ्याकडे तिथे अजून विरळ आहे.