दुखत काहीच नव्हतं

वरच्या दाढेतलं सिमेंट निघालं म्हणून गेले होते. डेंटिस्ट मॅडमनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढायला लावला आणि तो बघता बघता त्या गप्प झाल्या. खालच्या डाव्या बाजूला, आडव्या अडकलेल्या अक्कलदाढेभोवती काळा डाग होता, पार कानाच्या दिशेने वर चढलेला. गालावर सूज नाही, दात हलत नाही. माझा विश्वासच बसेना.

आधी वाटलं डेंटिजेरस सिस्ट असेल. न उगवलेल्या दाताच्या माथ्याभोवती पाणी साचून ही पिशवी होते. दातासकट काढली की बहुतेकदा प्रश्न मिटतो. पण एक्स-रेवर अमेलोब्लास्टोमा नावाचा जबड्यातला ट्यूमरही असाच दिसू शकतो, आणि तो निघाला तर बऱ्याचदा हाडाचा भागच कापावा लागतो. म्हणून आधी बायोप्सी. रिपोर्ट येईपर्यंत मी दिवसरात्र जिभेने हिरडी चाचपत होते.

रिपोर्टात तिसरंच नाव आलं, ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट. दात घडवणाऱ्या पेशींचा पट्टा काम झाल्यावर विरतो, पण त्याचे काही ठिपके मागे राहतात. त्यांच्यापासून ही सिस्ट वाढते. तिचं अस्तर जेमतेम ५ ते ८ पेशींच्या थरांचं. ती हाड फारसं फुगवत नाही, आतल्या पोकळ भागातून लांबत जाते. माझा गाल सुजला नव्हता तो यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिला ट्यूमरांत धरलं, २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये आणलं. मला त्या नावाशी देणंघेणं नव्हतं. मला भीती होती ती परत येण्याची, कारण त्या पातळ अस्तराचा कपटा राहिला तरी ती पुन्हा वाढू शकते.

सिस्ट आतून रिकामी होऊन आकसावी म्हणून सर्जननी आधी तिच्यात छोटी नळी बसवली. रोज दोनदा आरशासमोर उभी राहून मी सिरिंजने सलाइन आत सोडायचे. नऊ महिन्यांत पोकळी आकसली, खालच्या ओठाच्या नसेपासून दूर सरकली, आणि मग दाढेसकट सगळं काढलं. तरी हनुवटी बरेच दिवस बधिर होती. पाणी पिताना ओघळ आला तरी कळायचं नाही.

तुमच्या जबड्यातून कुणी पिशवी काढली, तर ती तपासणीला पाठवलीत का, एवढं नक्की विचारा. आणि रिपोर्ट जपून ठेवा.

माझा चौथ्या वर्षीचा ओपीजी मागच्या आठवड्यात झाला. डागाच्या जागी हाडाची बारीक जाळी दिसते आहे. पुढच्या वर्षीची तारीख आताच घेऊन ठेवली आहे.