आमची वाटचाल: वायरीच्या जोड्यांपासून आयपीच्या वहीपर्यंत

आम्ही सुरुवात केली ती सोसायट्यांच्या जुन्या इंटरकॉमपासून, म्हणजे ईपीएबीएक्सचा (सोसायटीच्या आतल्या फोन एक्स्चेंजचा) डबा वॉचमनच्या केबिनमध्ये आणि प्रत्येक फ्लॅटला वायरीची एक जोडी. मी आणि एक हेल्पर, एक स्कूटर, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली वायरीची भेंडोळी, क्रोन टूल (वायर पट्टीत दाबून बसवायचं हत्यार) आणि टोनर (वायरीत सूर सोडून ती शोधायचं यंत्र), एवढंच भांडवल होतं. त्या कामात फॉल्ट हाताला लागायचा. जोडी धरलेली असताना कोणी नेमकी त्याच फ्लॅटला रिंग दिली की बोटाला सणसणीत झटका, कारण बेल वाजताना त्याच वायरीवरून 70-80 व्होल्ट जातात. वायर तुटली असेल तर टोनर लावायचा, शोधायची, जोडायची, संपलं काम.

मग बिल्डर लोक व्हिडिओ डोअर फोन मागायला लागले आणि सगळंच बदललं. पहिल्या आयपी कामात, म्हणजे कॉम्प्युटरसारख्या नेटवर्कवर चालणाऱ्या युनिटच्या कामात, आम्ही खोके उघडले, सगळे युनिट एकदम पीओई स्विचला (एकाच केबलमधून वीज आणि नेटवर्क देणाऱ्या डब्याला) लावले आणि वाट बघत बसलो, तर एक लागतंय तोवर दुसरं जातंय. नंतर कळलं की सगळ्यांना कंपनीतून एकच आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आलेला. म्हणजे एका वाड्यात सगळ्या खोल्यांवर एकच नंबर लिहिल्यासारखं, पोस्टमन चिठ्ठी देणार कोणाला? तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, एका वेळी एकच युनिट लावायचं, लॅपटॉपला त्याच रेंजमधला आयपी द्यायचा, ब्राउझरमध्ये उघडायचं, आधी पासवर्ड बदलायचा मग अ‍ॅड्रेस बदलायचा, खोक्यावर मार्करने लिहायचं आणि मगच पुढचं.

पण खरं शिकलो ते सिंहगड रोडच्या एका सोसायटीत. काम देऊन महिना झाला असेल, चेअरमन काकांचा फोन, "अहो, संध्याकाळी गेटवरून बेलच वाजत नाही." आम्ही सकाळी गेलो, सगळं व्यवस्थित. परत दोन दिवसांनी तोच फोन, परत सकाळी गेलो, परत व्यवस्थित. तिसऱ्यांदा काका चिडले आणि त्यांचं बरोबरच होतं, पैसे दिलेत त्यांनी. मग ठरवलं, संध्याकाळीच जाऊन बसायचं. सात वाजता वॉचमनच्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडून गेटच्या पॅनलला पिंग (ते उत्तर देतंय का हे सतत विचारणं) लावून ठेवलं. आठच्या सुमारास रिप्लाय मधेच तुटायला लागले, परत यायचे, परत तुटायचे. एआरपी टेबल, म्हणजे कुठला आयपी कुठल्या उपकरणाचा याची लॅपटॉपमधली यादी, बघितलं तर आयपी आमच्या पॅनलचाच, पण मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा कंपनीतला ओळख नंबर) पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचा नाहीच, वेगळाच काहीतरी! क्लबहाऊसचा वायफाय राउटर कोणीतरी आमच्याच स्विचला जोडला होता, संध्याकाळी पोरं खेळून तिथं बसायची, मोबाईल वायफायला लागायचे आणि राउटर वाटेल तो मोकळा अ‍ॅड्रेस त्यांना देऊन टाकायचा. पॅनलला 192.168.1.50 आम्ही हाताने दिलेला, राउटरला ते माहीतच नाही. सकाळी पोरं शाळेत, म्हणून सकाळी सगळं चालू.

त्या रात्री राउटरची डीएचसीपी रेंज (तो आपोआप वाटतो ते अ‍ॅड्रेस) 100 ते 200 केली, आमची सगळी उपकरणं 100 च्या खाली ठेवली आणि पुढच्या आठवड्यात क्लबहाऊसचं नेटवर्कच वेगळं करून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. घ्यायला नकोच होते, कारण हस्तांतर करताना स्विचचं मोकळं पोर्ट बंद करून ठेवायला हवं होतं ते आम्ही केलं नव्हतं.

तिथून वही सुरू झाली. प्रत्येक सोसायटीची एक वही, त्यात फ्लॅट नंबर, आयपी, मॅक, मास्क (कुठले अ‍ॅड्रेस आपल्याच नेटवर्कातले ते ठरवणारा आकडा), गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे राउटरचा अ‍ॅड्रेस), डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा अ‍ॅड्रेस सांगणारा सर्व्हर), कुठल्या स्विचचं कितवं पोर्ट. एक प्रत आमच्याकडे, एक सोसायटीच्या ऑफिसात. पासवर्ड मात्र वहीत नाही, तो बंद पाकिटात सेक्रेटरींकडे. याचा उपयोग किती होतो सांगतो. एका ठिकाणी इंटरनेटवाल्याने राउटर बदलला आणि लोकांच्या मोबाईल अ‍ॅपवर कॉल यायचे बंद झाले, घरातल्या स्क्रीनवर मात्र येत होते. वही उघडली, गेटवे लिहिलेला 192.168.1.1, नव्या राउटरचा होता 192.168.0.1. बिल्डिंगमधल्या बिल्डिंगमध्ये कॉलला गेटवे लागतच नाही, बाहेर जायला लागतो, म्हणून अर्धं चालू अर्धं बंद. नव्या राउटरला जुनाच अ‍ॅड्रेस दिला, वीस मिनिटांत काम झालं, नाहीतर शंभर घरांत फिरावं लागलं असतं.

वेळेचंही तसंच. लाइट जाऊन आली की काही पॅनल 1 जानेवारी 1970 दाखवतात, आणि एका सोसायटीत सायकल चोरीला गेली तेव्हा नोंदी निघाल्या त्या सगळ्या 1970 च्या, पोलिसांना दाखवायला काहीच उपयोग नाही. फार वाईट वाटलं. तेव्हापासून एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून बरोबर वेळ देणारा) घातल्याशिवाय आम्ही पॅनल भिंतीवर चढवत नाही.

आता आम्ही पाच जण आहोत, हेल्पर म्हणून आलेला पोरगा आज स्वतः स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं) करतो. सध्या 300 फ्लॅटचं काम चालू आहे. 255.255.255.0 मास्कमध्ये 254 अ‍ॅड्रेस बसतात, म्हणून इथे 255.255.254.0 घेतला, 510 मिळतात. टेस्टिंगला गेटवरून निम्म्या घरांची बेल वाजली, निम्म्यांची नाही. मी वायर तपासायला निघालो तर तो पोरगा म्हणाला, "दादा थांबा, न वाजणारी सगळी घरं 192.168.3 वाली आहेत." गेटच्या पॅनलमध्ये जुना मास्क राहिला होता, म्हणून त्याला ही घरं बाहेरच्या नेटवर्कची वाटत होती. त्याने तिथेच बदलला, वहीत बदलला, आणि सातव्या मजल्यावरच्या आजींना बेल देऊन विचारलं, येतोय का आवाज. येतोय म्हणाल्या, चहाला वर बोलावलं.