नवी चेन, जुनं लॉक

गाडी टेम्पोतून आली. दीडशे सीसीची मोटरसायकल, रोज चिपळूण-पाटण करणारी. कुंभार्ली घाट उतरताना पोफळीच्या थोडं वर चेन गेली होती. मालक सांगत होता, खाडकन आवाज झाला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मात्र पळतेच आहे. चढावर चेन गेली तर गाडी थांबते, फार तर ढकलावी लागते. उतारावर गेली की इंजिनाची अडवण जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हा दुसऱ्या गिअरमध्ये होता म्हणून निभावलं. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चक्रावरून, पूर्ण सुटून पुढे गोळा झाली होती, हेही बरंच झालं. तीच मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि स्प्रॉकेटच्या मध्ये अडकली असती, तर चाक जागच्या जागी जाम झालं असतं.

‘मेस्त्री, चेन पावसाच्या तोंडावर नवीन टाकलीय. चार हजार किलोमीटर झाली नसतील. नवी चेन तुटतेच कशी?’

प्रश्न रास्त होता. चेन सेट, म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, टाकून गाडी देणं हे अर्ध्या दिवसाचं काम, पण कारण न शोधता सेट बदलला तर तीच गाडी तशीच परत येते. म्हणून आधी उलगडा करायचं ठरवलं.

पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर चिरलेलं होतं. आत चेनचा गठ्ठा स्प्रॉकेट आणि इंजिनाच्या केसिंगमध्ये घट्ट बसला होता. अशा वेळी टॉमी (लोखंडी दांडा) घालून उपसायचा मोह होतो. केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, तिथेच त्याचा तुकडा उडतो. गाडी न्यूट्रलला घेतली आणि स्प्रॉकेट हातानेच उलटं फिरवलं, म्हणजे चेन ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने बाहेर आली. न्यूट्रलचा दिवा लागत नव्हता, कारण त्याचा स्विच याच खळग्यात असतो आणि वायर चेनने तोडली होती.

चेन बाहेर काढून सरळ केली तेव्हा पहिली गोष्ट कळली: चेन तुटलीच नव्हती. एकही पट्टी फाटलेली नाही. दोन्ही टोकं शाबूत होती आणि एका टोकाला लॉकचा, म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या कडीचा, अर्धा भाग, दोन पिना असलेली आतली पट्टी, तसाच लटकत होता. बाहेरची पट्टी आणि ती अडकवून ठेवणारी क्लिप गायब. म्हणजे सुटलं ते लॉक.

ते लॉक पुसून उजेडात धरलं. पिनांना पायरी पडली होती, नख फिरवलं तरी अडकत होतं. व्हर्नियर लावला, तर बुशमध्ये (पिनेभोवतीच्या नळीत) फिरणारा भाग कडेच्या न झिजलेल्या भागापेक्षा ०.३ मिमी बारीक. चार हजार किलोमीटरमध्ये बाकी चेन एवढी झिजलेली नसताना एकटं लॉक एवढं झिजत नाही. उघड होतं की चेन नवी आणि लॉक आधीच्या चेनचं. क्लिप ज्या खाचेत बसते तिच्या कडाही गोल झाल्या होत्या. अशा खाचेत नवी क्लिपसुद्धा ‘टक्’ आवाज करून बसत नाही, नुसती टेकून राहते. नव्या चेनबरोबर लॉक पुडीत येतं. ते पडलं की हरवलं की उघडलंच नाही, ते लावणाऱ्याला ठाऊक.

क्लिप उलटी लावली होती का, हे क्लिपच नसल्याने सांगता येणार नव्हतं. पण ती कशाने निघाली असेल याची खूण चेनकेसच्या, म्हणजे चेनवरच्या पत्र्याच्या कव्हरच्या, आत होती. वरच्या अर्ध्या भागात, पुढच्या बाजूला, पत्र्यावर ताजी चकचकीत रेघ घासलेली. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की चेनची खालची बाजू ताणाखाली येते आणि वरची बाजू सैल होऊन उडते. झोल, म्हणजे चेनचा सैलपणा, जास्त असेल तर ती पत्र्यावर आपटते. खाचेत सैल बसलेल्या क्लिपला असे किती फटके पुरतात?

मग झोल इतका का होता, हा पुढचा प्रश्न. मालक म्हणाला, पंधरा दिवसांनी चेन टाइट करून घ्यावी लागायची, आणि टाइट केली की एका ठरावीक अंतराने कुंईकुंई यायची. हे लक्षण ओळखीचं आहे. चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते. जिथे ताठ आहे तिथे न बघता जिथे सैल आहे तिथे बघून कुणी टाइट केली, की ताठ जागी ती तारेसारखी ओढली जाते.

चेन डिझेलमध्ये धुऊन, फळीवर ताणून, पट्टीने मोजली. ४२८ नंबरच्या चेनमध्ये पहिला आकडा अष्टमांश इंचाचा: ४/८ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत २० कड्या, म्हणजे नव्या चेनला २५४ मिमी. इथे तीन जागी मोजलं: २५६.५, २५७.५ आणि एका जागी चक्क २५९. माझ्याकडचा हिशेब असा की २५६.५ ला, म्हणजे १ टक्क्याला, मालकाला सांगून ठेवायचं. २५९ ला, म्हणजे २ टक्क्यांना, चेन गाडीवर परत चढवायची नाही. ओ-रिंगवाल्या (सांध्यात रबरी कडी असलेल्या) चेनला मी १ टक्क्यालाच बदल सांगतो. पट्ट्यांचं लोखंड लांबत नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश थोडे थोडे झिजतात आणि ते सगळं मिळून लांबी वाढते. या गाडीला ११२ कड्या, म्हणजे १४२२ मिमी. सरासरी १.४ टक्का धरला तरी चेन २० मिमी वाढली आणि मागच्या चाकाचा एक्सल त्याच्या निम्मा, १० मिमी, मागे सरकवावा लागला. चेन ताणायचा ॲडजस्टर शेवटच्या खुणेपाशी होता, तो यामुळेच.

साध्या चेनला कव्हर असेल आणि तेल वेळेवर मिळालं, तर ती वीस हजारांच्या आसपास जाते. ही चार हजारांत गेली, कारण स्प्रॉकेट जुने होते. पुढच्या स्प्रॉकेटच्या दात्यांना आकड्यासारखा बाक आला होता, टोकं पातळ. झिजलेली चेन दात्याच्या बुडाशी न बसता वर चढून बसते आणि सगळा जोर एकदोन दात्यांवर येतो. तिथे खळगा पडतो. अशा खळग्यांवर नवी चेन घातली, तर तिचा रोलर खळग्याच्या कडेला टेकतो आणि सुटताना बाकात अडकून खेचला जातो. दर फेऱ्याला. पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांचं आणि मागचं ४२ चं, त्यामुळे पुढचा प्रत्येक दाता मागच्यापेक्षा तिप्पट वेळा चेनला भिडतो. सगळ्यात आधी झिजणारा हा तुकडा सेटमधला सगळ्यात स्वस्त, आणि नुसती चेन बदलणारे सोडतात तोही नेमका हाच.

यात एक गंमत आहे. ११२ ला १४ ने भाग जातो. म्हणजे चेनचा एक पूर्ण फेरा होताना पुढचं स्प्रॉकेट बरोबर ८ वेळा फिरतं आणि चेनची प्रत्येक कडी नेहमी त्याच एका दात्याला भेटते. दाता वाईट असेल, तर तो ठरलेल्या ८ कड्यांनाच खात राहतो. तीन जागी तीन मापं येण्यामागे हेही एक कारण असावं. स्प्रॉकेटला १५ दाते असते तर झीज सगळीकडे वाटली गेली असती. पण म्हणून मनाने दाते बदलू नयेत; पिकअप, मायलेज आणि कुठे कुठे स्पीडोमीटरही बदलतो.

तिसरं कारण चेनकेसमध्येच साठलेलं होतं. चेन बघायच्या भोकाचं रबरी बूच नव्हतं. महामार्गाच्या चौपदरीकरणाची लाल माती, पाणी आणि वरून थापलेलं ग्रीस यांचा चिखल तळाशी घट्ट बसला होता आणि पाणी जायचं भोक बुजलं होतं. ग्रीस वरून चोपडलं की मालकाला समाधान मिळतं, पण ते पिन आणि बुशच्या फटीत शिरत नाही. बाहेर राहून माती धरतं आणि व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचं काम करतं.

चेन लावण्याआधी केसिंग तपासणं भाग होतं. पेट्रोलने पुसून कोरडं केलं, रॉकेल लावून पाच मिनिटं ठेवलं, पुसलं आणि खडूची पूड भुरभुरली. तडा असेल तर आत राहिलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ काढतं. रेघ आली नाही. बोल्ट बसतो त्या उंचवट्याचा (बॉसचा) एक टवका गेला होता, तेवढ्याने तेल गळत नाही. पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट वरखाली हलवून बेअरिंग पाहिलं, ठीक होतं. ऑइल सील मात्र ओलं होतं, ते बदललं. सतत जास्त टाइट चेनवर चालणाऱ्या गाडीत हे सील आणि त्यामागचं बेअरिंग आधी जातं.

मग पूर्ण सेट. मागच्या स्प्रॉकेटचे चार नट चाक गाडीवर असताना, ब्रेक दाबूनच सैल करावेत. चाक उतरवल्यावर ते धरायला माणूस लागतो. दुमडायच्या लॉक पट्ट्या नव्या घ्याव्यात, जुनी पट्टी दुसऱ्यांदा दुमडली की तुटते. चाकाच्या हबमधले, धक्का झेलणारे कपलिंग रबर चपटे झाले होते. स्प्रॉकेट हाताने पुढेमागे हलवलं, की चाक न हलता ते बोटभर फिरायचं. हा धक्का प्रत्येक गिअरला चेनवरच येतो, म्हणून रबरही नवे टाकले. पुढच्या स्प्रॉकेटची लॉक प्लेट शाफ्टच्या खाचेत फिरवून दोन्ही छोटे बोल्ट बेताने आवळले. ते ६ मिमीचे असतात, १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरे. स्प्रॉकेट शाफ्टवर आडवं किंचित हलतं, ते तसंच असायचं.

चेनची दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांवर आणली, म्हणजे दाते ती धरून ठेवतात. लॉक आतून बाहेर, पट्टी खाच पूर्ण दिसेपर्यंत दाबली, क्लिप बाहेरच्या बाजूने. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला. इथे बरेच जण फसतात: वरच्या बाजूला चेन पुढे जाते, तेव्हा बंद तोंड पुढे, लॉक खालच्या बाजूला असेल तर तेच तोंड मागे दिसेल. मी लॉक नेहमी वरच्या बाजूला आणूनच पाहतो.

चाक फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधली आणि खालच्या बाजूच्या मधोमध झोल २५ मिमी ठेवला. या गाडीला २० ते ३० चालतो. प्रत्येक गाडीचा आकडा पुस्तकात वेगळा असतो. झोल ठेवायचा कारण शॉकॲब्जॉर्बर दबला की एक्सल आणि पुढचं स्प्रॉकेट यांच्यातलं अंतर वाढतं आणि चेन आपोआप ताणली जाते. स्विंगआर्मवरच्या खुणांवर मी भरवसा ठेवत नाही, दोन्ही बाजूंनी पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत पट्टी लावतो. नट आवळताना चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये फडक्याची गुंडाळी धरून चाक मागे फिरवलं, की एक्सल ॲडजस्टरला घट्ट टेकतो आणि आवळताना हलत नाही. नव्या सेटमुळे एक्सल पुढे आला, म्हणून ब्रेकचा रॉड सैल पडला होता. रॉडचा नट आवळून पेडलचा खेळ परत बसवला, अँकर आर्मच्या (ब्रेक प्लेट फिरू न देणाऱ्या पट्टीच्या) बोल्टला नवी स्प्लिट पिन घातली.

‘मग ग्रीस लावायचंच नाही?’ मालकाने विचारलं.

नव्वद नंबरचं गिअर ऑइल, ५०० किलोमीटरला. पावसात भिजली की आधी. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, इंजिन बंद आणि न्यूट्रलमध्ये. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत तेल घालणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत. तेल खालच्या बाजूच्या आतल्या अंगाला, पट्ट्यांच्या सांध्यांवर थेंब थेंब सोडायचं, फिरताना ते बाहेरच्या दिशेने रोलरमध्ये शिरतं. अर्धा तास थांबून वरचं पुसायचं. बूच नवीन दिलं, तळाचं भोक तारेने मोकळं केलं.

५०० किलोमीटरनंतर गाडी दाखवायला आली तेव्हा झोल ३२ मिमीवर गेला होता. नवी चेन बसताना एवढं होतंच. ताठ आणि सैल जागेत फरक २ मिमीच्या आत होता. दोन्ही ॲडजस्टर सारखे फिरवून २५ वर आणला. एक्सल मागे गेल्याने ब्रेक चिकटायला लागला, रॉडचा नट एक फेरा सैल केला आणि क्लिप पुन्हा वर आणून पाहिली.