हेलसिंकी ते टॅलिन: एका कार्डाची दोन नशिबं

हेलसिंकीच्या पश्चिम बंदरातून सुटलेली बोट साधारण दोन तासांत टॅलिनला लागते. मध्ये फिनलंडचं आखात, अंतर 80 किलोमीटरच्या आसपास. फिनलंड आणि एस्टोनिया हे सख्खे शेजारी. भाषा एकाच कुळातल्या, चलन दोघांचंही युरो, आणि सरकारी कामं इंटरनेटवर आणण्यात दोघांचंही नाव जगात पुढे. तरी निवडणूक आली की फिनलंडच्या मतदाराच्या हातात पेन्सिल असते आणि एस्टोनियाच्या मतदारापुढे लॅपटॉप. हे असं का, याचं मला फार कुतूहल होतं, म्हणून दोन्ही शहरं पाठोपाठ पाहिली.

हेलसिंकीत आधी ओदी ग्रंथालयात गेले. डिसेंबर 2018 मध्ये उघडलेली ही इमारत संसदेच्या बरोबर समोर आहे, आणि तिचा वरचा सज्जा संसदेच्या दाराच्या उंचीला आणून ठेवलाय. आत पुस्तकं तर आहेतच, शिवाय शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर, रेकॉर्डिंगच्या खोल्याही आहेत, आणि त्या कुणालाही वापरता येतात. ज्या देशाने जुलै 2010 मध्ये 1 मेगाबिट वेगाचं इंटरनेट हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क केला, आणि तेही जगात सर्वांत आधी, त्याच्या राजधानीत अशी जागा असावी हे सुसंगतच आहे. तिथे उभं राहून मला मनापासून हेवा वाटला.

पण इंटरनेटवर आपली ओळख पटवणाऱ्या सरकारी कार्डाची गोष्ट वेगळी आहे. चिप असलेलं ओळखपत्र फिनलंडने 1999 मध्येच काढलं, म्हणजे एस्टोनियाच्या आधी. ते घ्यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. फिनिश बँका तर नव्वदच्या दशकापासूनच ऑनलाइन होत्या, त्यांचे पासकोड लोकांकडे होतेच, आणि सरकारी संकेतस्थळांनीही तेच चालवून घेतले. मग पैसे भरून वेगळं कार्ड कोण घेणार? करविभागाचं काम असो की स्वतःची औषधं बघायची असोत, आजही बहुतेक फिनिश लोक बँकेने दिलेली ओळख दाखवूनच आत शिरतात.

एस्टोनियाकडे जुनं असं काहीच नव्हतं. 1991 मध्ये सोव्हिएत संघातून मोकळ्या झालेल्या, जेमतेम 13-14 लाख वस्तीच्या या देशाने 1996 मध्ये ‘वाघझेप’ नावाची योजना जाहीर करून शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट न्यायला सुरुवात केली. 2001 मध्ये एक्स-रोड आला. एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याला सुरक्षितपणे मागता येईल असा हा रस्ता. सगळी माहिती एकाच कोठारात ओतायची नाही, ती ज्याची त्याच्याकडेच राहते. 2002 पासून कार्ड मिळू लागलं, आणि ते सक्तीचं होतं. एका पिनने ओळख पटवायची, दुसऱ्या पिनने सही करायची, आणि ती सही कायद्याने हातच्या सहीइतकीच पक्की. माझ्या मते सगळा फरक या सक्तीत आहे. कार्ड सगळ्यांकडे असणार हे ठरलं, म्हणून खात्यांनी आणि बँकांनी त्यावर सेवा उभ्या केल्या.

बोटीवर एक एस्टोनियन गृहस्थ भेटले. फिनलंडमध्ये बांधकामावर काम करतात, सुट्टीला घरी निघाले होते. ते दोन्हीकडे मत देतात: एस्टोनियाच्या संसदेसाठी लॅपटॉपवरून, आणि तिथले रहिवासी म्हणून फिनलंडच्या नगरपालिकेसाठी केंद्रावर जाऊन, मतपत्रिकेवर उमेदवाराचा क्रमांक लिहून. लॅपटॉपवर दिलेलं मत पोचलं की नाही हे ते लगेच फोनवर तपासतात. “आणि फिनलंडमध्ये?” मी विचारलं. “तिथे पेटी समोरच असते,” ते म्हणाले.

टॅलिनमध्ये टोम्पेआच्या टेकडीवर, गुलाबी भिंतींच्या संसदेसमोर मी बराच वेळ थांबले. 2005 च्या स्थानिक निवडणुकीत इथे त्याच कार्डाच्या आधारे इंटरनेटवरून मतदान सुरू झालं, आणि 2023 च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं त्याच वाटेने आली. घरात कुणी दबाव टाकून मत द्यायला लावलं तर? त्यावर तोड अशी, की मुदतीत मत कितीही वेळा बदलता येतं आणि शेवटचंच धरलं जातं; कागदावर दिलं तर ऑनलाइन मत रद्द. ही कल्पना मला अतिशय माणुसकीची वाटते. पण राजकारण सुटलेलं नाही. त्याच वर्षी कागदी मतं मोजताना एक्रे हा कडवा राष्ट्रवादी पक्ष पुढे होता, ऑनलाइन मतं धरल्यावर रिफॉर्म पक्ष जिंकला. एक्रेने निकालाला आव्हान दिलं, सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं.

फिनलंडनेही प्रयत्न करून पाहिला होता. 2008 मध्ये तीन नगरपालिकांत मतदान केंद्रांवर यंत्रं ठेवली. शेवटचं बटण दाबायच्या आधीच काहींनी यंत्रातलं मतदानाचं कार्ड काढून घेतलं आणि 232 मतं नोंदलीच गेली नाहीत. न्यायालयाने 2009 मध्ये त्या निवडणुका पुन्हा घ्यायला लावल्या. पुढे 2017 मध्ये सरकारी कार्यगटाने इंटरनेट मतदानाबद्दल सांगितलं की फायद्यापेक्षा धोका मोठा. याला मागासपणा म्हणणं मला पटत नाही. 232 माणसांच्या मतासाठी पूर्ण निवडणूक परत घेणारा देश मतदानाला किती जपतो, ते यात दिसतं.

एस्टोनियाचीही परीक्षा झाली. त्याच 2017 मध्ये सुमारे 7,60,000 कार्डांच्या चिपमध्ये दोष सापडला. सरकारने तो लपवला नाही, जाहीर केला, आणि नोव्हेंबरात त्या कार्डांची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं थांबवली. नवी प्रमाणपत्रं घ्यायला कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. सक्तीच्या कार्डाची ही किंमत आहे: बिघाड झाला तर तो एकदम सगळ्यांच्या खिशात होतो.

टॅलिनच्या टाउन हॉल चौकात 1422 पासून नोंद असलेलं औषधांचं दुकान आहे. फिनलंडच्या डॉक्टरने लिहिलेली ई-चिठ्ठी जानेवारी 2019 पासून एस्टोनियातल्या औषधदुकानांत चालते, कागद न नेता, फक्त ओळख दाखवून. फिनलंडने एक्स-रोडही एस्टोनियाकडूनच घेतला. डिसेंबर 2013 मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी त्या सहकार्याच्या करारावर डिजिटल सह्या केल्या, आणि त्या रस्त्याची देखभाल करणारी संस्था 2017 मध्ये दोघांनी मिळून उभी केली. मतपेटी मात्र प्रत्येकाने आपापली ठेवली आहे.