विशिष्ट गुरुत्व १.०१०

उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले की लघवी थोडी आणि गडद पिवळी होते, कारण मूत्रपिंडे मिळेल तेवढे पाणी परत ओढून घेतात. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे आणि मे महिन्यात असे गडद नमुने आमच्याकडे रोज येतात. त्या दुपारी मात्र जिची जीभ कोरडी पडली होती, ओठ फुटले होते आणि कातडीला चिमटा घेतला तर पडलेली घडी सावकाश मोडत होती, अशा मुलीची लघवी जवळजवळ बिनरंगी आली. पट्टीवर विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत लघवी किती घट्ट आहे याचा आकडा, १.०१० दिसत होते. मी दुसरी पट्टी काढून पुन्हा पाहिले, तरी रंग तोच. एवढ्या कोरड्या पडलेल्या शरीरात हा आकडा १.०२५ च्या आसपास किंवा त्याहून वर असायला हवा होता.

मुलगी सोळा-सतरा वर्षांची होती. घरचे सगळे दक्षिण गुजरातेतल्या ऊसतोडीवरून परतत होते आणि अख्खा दिवस उघड्या टेम्पोत, उन्हात गेला होता. रात्रीपासून तिच्या नडग्या आणि कंबर इतकी दुखत होती की वडिलांनी तिला उचलूनच आत आणले. पूर्वी असे दुखले तेव्हा एका खासगी दवाखान्यात संधिवात सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या तिने महिनोन्‌महिने घेतल्या होत्या. आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी तिच्या डोळ्यांतली पिवळसर झाक पाहिली आणि जांभळ्या झाकणाची नळी माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर ‘सिकलसेल?’ एवढेच लिहिले, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिन ७.१ ग्रॅम निघाले.

पहिली तपासणी विद्राव्यतेची. फॉस्फेटच्या तीव्र द्रावणात सॅपोनिन आणि सोडियम डायथायोनाइट असते, त्यात रक्ताचा थेंब टाकून पाच मिनिटे थांबायचे आणि नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. ही तपासणी आता सगळीकडे इतकी सरावाची झाली आहे की तिच्यात काय घडते याकडे कोणी पाहत नाही, आणि त्याचे मला वाईट वाटते. सॅपोनिन पेशीच्या पटलातला मेद विस्कटून हिमोग्लोबिन बाहेर काढते, डायथायोनाइट त्याच्याजवळचा ऑक्सिजन काढून घेते, आणि फॉस्फेटचे आयन द्रावणातले पाणी स्वतःभोवती गुंतवून ठेवतात. अशा पाण्याच्या टंचाईत साधे हिमोग्लोबिन विरघळलेलेच राहते, सिकलचे राहत नाही. शेजारी ठेवलेल्या नॉर्मल नळीतून रेघा स्पष्ट वाचता येत होत्या. मुलीच्या नळीत गढूळपणा दाटला आणि रेघा पार दिसेनाशा झाल्या.

ही तपासणी वाहकांतही, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलचे जनुक मिळालेल्यांतही, होकारार्थी येते, त्यामुळे तेवढ्यावर थांबता येत नाही. मी दोन टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटच्या थेंबात तिचे रक्त मिसळले, वर काचेची चकती ठेवून कडा मेणाने बंद केल्या आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. सुरुवातीला बहुतेक पेशी गोल होत्या, काही थोड्या मात्र आधीपासूनच कायमच्या वाकलेल्या. आतला ऑक्सिजन संपत गेला तशी एका गोल पेशीची कड आधी एका बाजूने ताणली गेली, मग दोन्ही टोके निमुळती झाली आणि मधला भाग वळून तिचा विळा झाला. अर्ध्या तासात नजरेच्या टप्प्यात गोल पेशी शोधावी लागत होती. पेशीला बाहेरून कोणी हात लावलेला नव्हता. तिच्या आत जे दाटीवाटीने भरलेले आहे, तेच एकमेकांना धरून लांब काड्या बनवत होते आणि पेशीला आतून वाकवत होते.

हिमोग्लोबिन हे चार साखळ्यांचे प्रथिन आहे: दोन अल्फा साखळ्या प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या, दोन बीटा प्रत्येकी १४६ अमिनो आम्लांच्या. एकूण ५७४. सिकलसेलमध्ये प्रत्येक बीटा साखळीतले फक्त सहावे अमिनो आम्ल बदललेले असते; ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, आणि तेही डीएनएतले एक अक्षर, ‘ए’ऐवजी ‘टी’, बदलल्यामुळे. ग्लुटामिक आम्लाच्या शेपटावर ऋणभार असतो. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडची किंचित धन असल्याने पाणी अशा भाराभोवती आनंदाने जमते आणि तो भाग विरघळलेल्या अवस्थेत सांभाळते. व्हॅलिनच्या शेपटात नुसते कार्बन आणि हायड्रोजन. त्याच्याशी पाण्याला काहीच धरता येत नाही, म्हणून पाण्याचे रेणू एकमेकांशीच हायड्रोजन बंध जुळवतात आणि रश्श्यावर तर्री जशी वेगळी होऊन एकत्र येते तसा तो भाग आसऱ्याला जागा शोधतो. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीत फेनिलॅलनिन आणि ल्युसिन यांच्यामध्ये नेमकी तशीच, पाण्याला नको असलेली खोबण उघडी पडते. व्हॅलिन तिच्यात बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे करत चौदा सरींचा दोर वळला जातो.

आता यात अंगातल्या पाण्याचा संबंध कुठे येतो, हे मला त्या दिवशी वडिलांना सांगायचे होते आणि त्याआधी स्वतःशी नीट मांडून पाहायचे होते. तांबड्या पेशीच्या साधारण एक तृतीयांश भागात हिमोग्लोबिनच असते, इतकी तिच्यात आधीच दाटी आहे. ऑक्सिजन सुटल्यापासून दोर वळायला सुरुवात होईपर्यंत थोडा विलंब लागतो, आणि हा विलंब हिमोग्लोबिनच्या दाटपणावर विलक्षण अवलंबून असतो. प्रयोगांत तो दाटपणाच्या पंधराव्या ते तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलताना आढळला आहे. पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदाभरात पार होते. विलंब त्याहून मोठा असेल तर ती सुटते, फुप्फुसात पोचून पुन्हा ऑक्सिजन घेते आणि काही बिघडत नाही. पेशीतले थोडे पाणी कमी झाले की तोच विलंब आखडतो, पेशी वाटेतच वाकते, अडकते आणि पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही. त्या नडग्या त्यासाठीच दुखत होत्या. वाकलेल्या पेशीतून पोटॅशियम बाहेर झिरपते आणि त्याच्या मागोमाग पाणीही जाते, म्हणजे पेशी आणखी दाट होते. सिकलसेलमध्ये पाणी हा केवळ आधार नाही, ते पेशीला वाटेतून निसटायला वेळ मिळवून देते, आणि माझ्या मते रुग्णाला सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगितली पाहिजे.

फिकट लघवीचा उलगडाही इथेच होतो. मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार भरपूर असतात. क्षार पेशीतून पाणी ओढतात, ऑक्सिजन आधीच कमी, त्यामुळे सिकलच्या पेशी तिथे इतर कोणत्याही जागेपेक्षा सहज वाकतात आणि तिथल्या बारीक वाहिन्या लहानपणापासूनच खराब होत जातात. लघवी घट्ट करून पाणी वाचवण्याचे काम नेमके याच भागाचे. म्हणजे ज्या शरीराला पाण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते धरून ठेवता येत नाही. मॅडमना आकडा दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “लघवी साफ होतेय म्हणून कोणी हिला पाणी कमी देऊ नका. तिच्या लघवीवरून काही ठरवायचंच नाही.” सलाइन चालू झाले, पण हात राखून, कारण जास्त द्रव फुप्फुसात साठण्याचा धोका असतो, वेदनाशामक दिले, पांघरूण दिले, आणि तोंडाने दर थोड्या वेळाने पाणी. लोहाच्या गोळ्या बंद केल्या. या आजारात तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच जगते, पण फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते, त्यामुळे लोहाची कमतरता तपासून सिद्ध झाल्याशिवाय ते देण्यात अर्थ नाही.

जिल्हा रुग्णालयातून इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीचा, अहवाल आला तेव्हा साध्या ‘ए’ हिमोग्लोबिनच्या जागी पट्टाच नव्हता; होता तो सिकलच्या ‘एस’चा आणि थोडा गर्भावस्थेतल्या ‘एफ’ हिमोग्लोबिनचा. प्रत्येक रेणूत दोन ऋणभार कमी झाल्यामुळे ‘एस’ धनाग्राकडे जाताना मागे पडतो. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात दिसणाऱ्या अशाच फरकावरून हा एका रेणूचा आजार असल्याचे दाखवले, आणि १९५६ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ट्रिप्सिनने त्या प्रथिनाचे तुकडे करून फरकाची जागा शोधून काढली. ‘एफ’ त्या दोरात नीट बसत नाही, आणि त्याचेच प्रमाण वाढावे म्हणून मॅडमनी तिला हायड्रॉक्सीयुरिया सुरू केले.

आईवडील दोघेही वाहक निघाले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ताई, धाकट्यालापण असंच असेल का?” धाकटा आश्रमशाळेत शिकत होता, त्यालाही बोलावून घेतले आणि त्याचा अहवालही एस-एस, म्हणजे दोघांकडूनही सिकलचे जनुक मिळालेला, आला. त्याला अजून कधी मोठे दुखणे आले नव्हते. त्याच्यासाठी मॅडमनी मुख्याध्यापकांना पत्र दिले, ज्यात दोन विनंत्या होत्या: वर्गात त्याच्याजवळ पाण्याची बाटली असू द्यावी, आणि तासाच्या मध्येही लघवीला जाऊ द्यावे, रात्री पुन्हा पुन्हा उठला तरी रागावू नये. पत्राखाली मी त्याचा विशिष्ट गुरुत्वाचा आकडा लिहिला आणि तो आकडा इतका कमी का आहे ते साध्या शब्दांत चार ओळींत मांडले. आता एस-एस अहवाल आलेल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या कागदांबरोबर आम्ही असे पत्र जोडतो.