५-२, ४०-३०

मार्चमध्ये पुण्याला चौदा वर्षांखालच्या मुलींची टेनिस स्पर्धा होती. सांगलीतून माझ्याकडे शिकणारी एकच पोरगी गेली होती. तिच्या वडिलांना निघता येईना, ते मार्केट यार्डात अडत दुकानावर दिवाणजी आहेत आणि हळदीचे सौदे ऐन भरात. म्हणून आजोबा आले सोबत. जुने पैलवान, कान दोन्ही मोडलेले. टेनिसची मॅच त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

शनिवारी क्वालिफाइंगची, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठीची, पहिली मॅच. पहिला सेट ६-२ घेतला. दुसऱ्यात ५-२, सर्व्हिस हिचीच, ४०-३०. मॅच जिंकायला एक पॉइंट हवा होता. पहिली सर्व्हिस लांब गेली, दुसरी नेटमध्ये. तिथून जे घसरलं ते सेट ५-७ गेला. मग तिसऱ्या सेटऐवजी सुपर टायब्रेक, दहा पॉइंटचा. त्यात ८-८ असताना हिचा फोरहँड समोरच्या मुलीने बाहेर दिला. मला जाळीबाहेरून तो लाइनीवर दिसला, पण तेवढ्या लांबून खात्रीने सांगता येत नाही. या मॅचला खुर्चीत पंच नव्हता, आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर ते ज्याचं त्याने सांगायचं. पण कोर्ट मातीचं होतं. मातीवर बॉलचा ठसा राहतो, शंका आली तर ‘मार्क दाखव’ म्हणायचा हक्क असतो. ही काही बोलली नाही. मान खाली घालून पुढच्या पॉइंटला गेली आणि ८-१० हरली.

सोमवारी डबल्सही पहिल्याच फेरीत गेली. दुपारी स्वारगेटवरून सांगलीची एसटी धरली.

हरलेल्या पोराशी मी पहिला काही वेळ बोलत नाही. पाणी द्यायचं, कोरडा टीशर्ट घालायला लावायचा, काहीतरी खायला घालायचं. हे मी फार उशिरा शिकले. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक मुलगा होता, हात सोन्यासारखा. एकदा हरल्यावर पार्किंगमध्येच, आईवडिलांच्या देखत, त्याला दहा मिनिटं सगळ्या चुका मोजून दाखवल्या. एकही चूक खोटी नव्हती. तो मान हलवत ऐकत होता. दहावीला गेल्यावर त्याने रॅकेट ठेवली ती ठेवलीच. कारण अभ्यासाचं सांगितलं, मलाही तेव्हा ते पटलं. आता पटत नाही. त्या दहा मिनिटांत त्याच्या कानावर माझा एक शब्दही गेला नसणार, त्याला फक्त आईचा पडलेला चेहरा दिसत असणार.

म्हणून एसटीत मी गप्प होते. ती खिडकीशी, रॅकेटची बॅग मांडीवर उभी धरून. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत रडली, आवाज न करता. आजोबांनी पिशवीतून भडंग काढलं, तिने हात लावला नाही. सातारा गेलं. कराडच्या अलीकडे आजोबा आपणहून म्हणाले, “हे जवळच गोळेश्वर. खाशाबांचं गाव.”

तिने बघितलं फक्त.

“अठ्ठेचाळीस साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. लाल मातीतला गडी, गादीवरच्या कुस्तीची सवय न्हाय. सहावा नंबर आला. मग बावन्न साली हेलसिंकीला ब्राँझ.” थांबून म्हणाले, “मधली चार वर्षं काय केलं आसंल, ते कोन इचारत न्हाय.”

“काय केलं?” तिने विचारलं. शनिवारपासून हरण्याचा विषय निघाला की ती उठून जायची. हा तिचा पहिला प्रश्न.

“मेहनत. दुसरं काय.”

मग तिने भडंग घेतलं. मी वही काढली. मॅच चालू असताना प्रत्येक पॉइंट मी वहीत मांडते, डबल फॉल्टला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या की, फुली. वही तिच्या हातात दिली आणि म्हटलं, तूच मोज. बोट ठेवून तिने मोजलं, दोनदा. तिचे पॉइंट ७१, समोरचीचे ६७.

“ताई, जास्त पॉइंट माझे आहेत.”

“हो.”

“मग मी हरले कशी?”

मॅच एकूण पॉइंटवर नाही, सेटवर ठरते, हे पटवायला तिला २०१९ च्या विम्बल्डनची फायनल सांगितली. ती मी गावभागात आमच्या तळमजल्यावरच्या घरी बघितली होती. (तो टीव्ही महिन्याभरात पुरात गेला.) पाचव्या सेटमध्ये फेडररकडे ८-७, ४०-१५, सर्व्हिस त्याची. दोन मॅच पॉइंट. दोन्ही गेले, मॅचही गेली. पूर्ण मॅचमध्ये फेडररचे पॉइंट २१८, जोकोविचचे २०४. तिचा विश्वास बसेना, माझ्या मोबाइलवर शोधून बघितलं. मग फुल्या मोजल्या. अकरा. त्यातल्या सात ५-२ नंतरच्या.

घसरण तिथे होती, आणि ती मनाची कमी, हाताची जास्त होती. भीती वाटली की हात आखडतो. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला बॉल, खाली राहतो आणि पोरं दुसरी सर्व्हिस मारायच्या ऐवजी ढकलतात, कारण हळू मारलं की आत पडेल असं वाटतं. होतं उलटं. दुसऱ्या सर्व्हिसला रॅकेट पहिलीइतक्याच जोरात फिरवायची, फक्त बॉलला घासून फिरकी द्यायची. मग तो नेटच्या चांगला वरून जातो आणि फिरकीमुळे आत उतरतो. हे तिला सरावात येतं. ४०-३० ला येत नाही. शिवाय दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. पॉइंट गेला की ही सात-आठ सेकंदांतच लाइनीवर उभी, जणू चूक कुणी बघायच्या आत झाकायची आहे.

त्यामुळे आता रोज संध्याकाळी शेवटचा अर्धा तास एकच खेळ. स्कोअर ५-२, ४०-३०, सर्व्हिस एकच. चुकली की पॉइंट गेला. समोर सोळा वर्षांचा मुलगा, तो दयामाया करत नाही. आधी मागे जायचं, कुंपणाला टॉवेल लावलाय त्याला हात पुसायचा, चार वेळा बॉल टाकायचा, मग सर्व्हिस. पहिल्या दिवशी दहा वेळा हे केलं, सात वेळा गेम गेला. तिसऱ्या दिवशी सहा वेळा. एका संध्याकाळी नऊ वेळा गेला. त्या दिवशी ती माझ्याशी न बोलता सायकल काढून निघून गेली, मी हाक मारली नाही. वडिलांचा रात्री फोन आला, “मॅडम, जेवली नाही नीट, थोडे दिवस बंद ठेवूया का?” मी म्हटलं, उद्या ती आपणहून आली तर ठेवू चालू, नाहीतर बंद. रात्रभर मला झोप नव्हती. त्या पार्किंगमधल्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर ती पाइप घेऊन कोर्टावर पाणी मारत होती.

कालची गोष्ट. ५-२, ४०-३०. सर्व्हिस वरून गेली, आत उतरली. रॅली लांबली. हिने क्रॉसकोर्ट फोरहँड मारला, त्याने बोट वर केलं, बाहेर. ती दोन पावलं मागे वळली होती. मग थांबली.

“मार्क दाखव.”

तो कोपऱ्यात गेला, रॅकेटच्या टोकाने ठसा दाखवला. ही नेट ओलांडून गेली नाही, आपल्या बाजूनेच वाकून बराच वेळ बघत राहिली. मीही जवळ जाऊन बघितलं. ठसा आणि पांढरी पट्टी यांच्यात बोटभर माती होती. बॉल बाहेरच होता.

“ओके,” ती म्हणाली. त्याने बुटाने ठसा पुसला. ती कुंपणापर्यंत गेली, टॉवेलला हात पुसले, आणि ओरडून ४०-४० चा स्कोअर सांगितला, “ड्यूस!”